तोंडाच्या वासावर जस्त आणि कथील : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाढदुखीबद्दल माणसं मोठ्या आवाजात बोलतात. तोंडाच्या वासाबद्दल मात्र तपासणी संपल्यावर, निघता निघता, दाराशी थांबून विचारतात. ‘डॉक्टर, एक विचारायचं राहिलंच…’ अशी सुरुवात झाली की पुढचं मला कळलेलं असतं. हल्ली अशा वेळी पिशवीतून एखादी बाटली किंवा टूथपेस्टची ट्यूबही निघते आणि तिच्यावर कुठेतरी ‘झिंक’ (म्हणजे जस्त) किंवा ‘स्टॅनस’ (म्हणजे कथील) लिहिलेलं असतं. हे नेमकं काय करतं, रोज वापरलं तर चालेल का, मग तरीही वास का जात नाही, हे प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढावीत असं वाटलं.

तोंडाला वास येतो तो नेमका कशाचा?

बहुतेकांना वाटतं पोटाचा. पण तोंडाला कायम वास येणाऱ्या दहा माणसांपैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत उगम तोंडातच असतो आणि तोंडातही बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या भागावर. आरशासमोर जीभ होता होईल तेवढी बाहेर काढून बघा. पुढचा भाग गुलाबी दिसेल, पण मागे, घशाकडे, पांढरट किंवा पिवळसर थर दिसेल. जिभेचा पृष्ठभाग मखमलीसारखा बारीक उंचवट्यांचा असतो. त्या उंचवट्यांमधल्या खाचांत मेलेल्या पेशी, लाळेतली प्रथिनं, नाकामागून उतरणारा शेंबूड आणि अन्नाचे कण साचतात. तिथे प्राणवायू पोचत नाही, म्हणून प्राणवायू नको असलेले जिवाणू तिथे सुखाने नांदतात.

हे जिवाणू प्रथिनं फोडतात. प्रथिनांमधल्या दोन अमिनो आम्लांत गंधक असतो : सिस्टीन आणि मिथिओनिन. सिस्टीनपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. मिथिओनिनपासून मिथाइल मरकॅप्टन तयार होतो, त्याचा वास कुजलेल्या कोबीसारखा. तिसरा डायमिथाइल सल्फाइड, पण तोंडात त्याचा वाटा कमी. कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले जोसेफ टॉन्झेटिच यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत तोंडातल्या हवेचं पृथक्करण करून हे गंधकाचे वायूच मुख्य दोषी आहेत हे दाखवून दिलं. तोवर हा विषय विज्ञानापेक्षा जाहिरातींच्याच हातात होता.

हे वायू किती थोडे पुरतात ते पाहा. हवेच्या एक अब्ज भागांत हायड्रोजन सल्फाइडचे साधारण ११२ भाग झाले की समोरच्याला वास ओळखू येतो. मिथाइल मरकॅप्टनचे तर २६ भागच पुरतात. हिरड्यांचा आजार असलेल्या तोंडात हाच दुसरा वायू वाढतो, त्यामुळे त्यांचा वास जास्त उग्र वाटतो.

यात धातूचा काय संबंध?

अंडं फार वेळ उकडलं की पिवळ्या बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं. हे कडं सगळ्यांनी पाहिलेलं असतं, ते कशाचं हे फारसं कुणी विचारत नाही. उष्णतेने पांढऱ्या भागातल्या प्रथिनांतून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो बलकातल्या लोहाला भेटतो आणि आयर्न सल्फाइड तयार होतं. चांदीचा चमचा अंड्याला लागून काळा पडतो तोही असाच, सिल्व्हर सल्फाइड तयार झाल्यामुळे. काही धातूंना गंधकाची विलक्षण ओढ असते. गंधक दिसला की ते त्याला धरतात आणि जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही, हवेत उडत नाही आणि त्याला वासही नसतो.

मरकॅप्टन या नावातच ही ओढ आहे. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ झाइझे यांनी १८३० च्या दशकात या संयुगांना लॅटिनमधल्या ‘पारा पकडणारा’ अशा अर्थाच्या शब्दांवरून हे नाव दिलं, कारण ती पाऱ्याला घट्ट चिकटत. पारा अर्थातच तोंडात घालायची वस्तू नाही. पण तोंडासाठी पुरेसा सुरक्षित आणि गंधकाला पुरेसा धरून ठेवणारा धातू शोधला की जस्त आणि कथील ही दोन नावं पुढे येतात.

‘आयन’ म्हणजे काय? मग दातावरची धातूची कॅप वास का घालवत नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विचारणारा खरोखर विचार करत असतो.

धातूचा तुकडा आणि धातूचा आयन यांत मोठा फरक आहे. जस्ताच्या अणूने आपले दोन इलेक्ट्रॉन सोडले की त्याच्यावर दोन धन भार येतात, तो पाण्यात विरघळलेल्या स्थितीत सुटा फिरू लागतो आणि ऋण भाराचं काही मिळालं की पकडतो. हा सुटा, भारित अणू म्हणजे आयन. दातावरची कॅप ज्या मिश्रधातूची असते तो मुद्दाम असा निवडतात की त्यातून तोंडात काहीच सुटू नये. कॅपमधून आयन सुटत असतील तर ती कॅप वाईट.

तांब्याच्या पट्टीने जीभ घासण्याबद्दलही असंच विचारतात. जीभ घासल्याने फायदा नक्की होतो, पण तो घासण्याचा. पट्टी दोन-चार वेळा फिरवताना सुटणारं तांबं नगण्य असतं. प्लास्टिकच्या पट्टीने तितकंच नीट घासलं तरी थर तितकाच निघतो.

जस्त तोंडात गेल्यावर नक्की काय करतं?

मुख्य काम वायू पकडण्याचं. हायड्रोजन सल्फाइड लाळेत विरघळला की त्याचा बराचसा भाग आपला एक हायड्रोजन सोडून ऋण भारित होतो. तोंडाची आम्लता साधारण उदासीन असते आणि तेवढ्यावर जवळजवळ निम्मे रेणू या अवस्थेत असतात. जस्ताचे आयन त्यांना धरतात आणि झिंक सल्फाइड तयार होतं. ते पांढरं, न विरघळणारं, बिनवासाचं असतं. चूळ थुंकताना बरंचसं निघून जातं, उरलेलं गिळलं जातं. मिथाइल मरकॅप्टन आपला हायड्रोजन इतक्या सहज सोडत नाही, त्यामुळे तो थोडा हट्टी असतो, पण जस्त त्यालाही धरतं.

दुसरं काम कमी गाजलेलं, पण मला ते तितकंच महत्त्वाचं वाटतं. जिवाणू प्रथिनं कापायला विकरं वापरतात, म्हणजे एन्झाइम. त्यातल्या काहींचं काम गंधकाच्या एका गटावर चालतं. जस्त तिथेच जाऊन बसलं की कात्री बोथट होते आणि वायू तयार होण्याचाच वेग उतरतो. शिवाय जस्त दातांवरच्या आणि जिभेवरच्या थरात काही तास टिकून राहतं आणि हळूहळू सुटत राहतं, म्हणून चूळ थुंकल्यावरही परिणाम लगेच संपत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. जिभेवरचा थर जस्त काढून टाकत नाही आणि हिरड्यांचा आजारही त्याने बरा होत नाही. थर आणि आजार तसेच राहिले तर वायू रोज नव्याने तयार होतो आणि तुम्ही रोज नव्याने तो पकडत बसता.

मग तांबं, चांदी का वापरत नाहीत? ती तर जास्त जोरदार असतात ना?

तांबं गंधकाला जस्तापेक्षा घट्ट धरतं हे खरं. पण कॉपर सल्फाइड काळं असतं आणि त्याचा डाग दातांवर, जिभेवर दिसतो. चवही सहन होत नाही. चांदीचंही तेच, आणि चांदीची संयुगं दीर्घकाळ पोटात जात राहिली तर कातडी कायमची निळसर-करडी होऊ शकते. घरी चांदीचं पाणी करून त्याने चुळा भरायच्या कल्पना अधूनमधून फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. जस्ताचं सल्फाइड पांढरं असतं, म्हणून जस्त निवडलं गेलं. निवड इतकी साधी आहे.

कथील म्हणजे स्टॅनस फ्लोराइड का? ते जस्तापेक्षा चांगलं?

होय, टूथपेस्टच्या ट्यूबवर जे ‘स्टॅनस’ लिहिलेलं असतं ते कथील. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत स्टॅनस फ्लोराइडची टूथपेस्ट विकायला आली ती दात किडू नयेत म्हणून. हिरड्यांची सूज कमी होणं आणि वास कमी होणं हे फायदे नंतर जास्त अभ्यासले गेले. नेहमीच्या पेस्टमध्ये त्याचं प्रमाण ०.४५४ टक्के असतं, म्हणजे फ्लोराइड दहा लाखांत सुमारे ११०० भाग.

कथिलाची अडचण त्याच्या स्वभावात आहे. पाणी आणि हवा मिळाली की दोन भारांचं कथील चार भारांचं होतं आणि मग त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून ते टिकवणारे घटक पेस्टमध्ये घालावे लागतात. दुसरी अडचण डागांची. काहींच्या दातांवर तपकिरी छटा येते, विशेषतः चहा-कॉफी भरपूर पिणाऱ्यांच्या. ती दातांच्या आत जात नाही आणि स्वच्छता करून निघते, पण पहिल्यांदा पाहिल्यावर माणूस घाबरतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर माझा कल स्टॅनसच्या पेस्टकडे असतो. हिरड्या ठीक आहेत, फक्त जिभेचा वास आहे, असं असेल तर जस्ताची चूळ.

लेबलवर जस्ताची दहा नावं दिसतात. कोणतं घ्यावं?

झिंक क्लोराइड, ॲसिटेट, लॅक्टेट, ग्लुकोनेट, सायट्रेट. या सगळ्यांत जस्त तेच असतं, सोबतचा जोडीदार बदलतो. प्रश्न एवढाच की जोडीदार जस्ताला किती घट्ट धरून आहे. गंधक जस्ताला फार जोराने ओढतो, त्यामुळे साधारण पकडीचा जोडीदार असेल तर तो जस्त सोडून देतो आणि काम होतं. इडीटीएसारखा फारच घट्ट धरणारा घटक असेल तर जस्त बाटलीत आहे पण मोकळं नाही अशी गत होते. नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठात या शतकाच्या सुरुवातीला हेच तपासलं गेलं. झिंक ऑक्साइड वेगळं पडतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, थोडं आम्ल मिळालं की हळूहळू सुटतं.

चव हा निवडीचा खरा मुद्दा आहे. जस्त तुरट लागतं, कारण ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडाचा ओलावा खरखरीत वाटायला लागतो. क्लोराइडची चव सर्वांत कडक, लॅक्टेट आणि ग्लुकोनेट सौम्य. ज्या बाटलीची चव तुम्हाला सोसते तीच तुम्ही महिनाभर वापराल, म्हणून तीच घ्या.

जस्तासोबत क्लोरहेक्सिडीनही असतं. ते कशाला?

क्लोरहेक्सिडीन जिवाणू मारतं, जस्त वायू पकडतं. ऑस्लोच्याच अभ्यासात असं दिसलं की दोन्ही एकत्र दिली तर परिणाम दोघांच्या बेरजेहून जास्त येतो, त्यामुळे दोन्हींचं प्रमाण खूप कमी ठेवता येतं. बाजारात ०.०२५ टक्के क्लोरहेक्सिडीन आणि ०.३ टक्के झिंक ॲसिटेट असं मिश्रण मिळतं. हिरड्यांवर शस्त्रक्रिया झाल्यावर आम्ही जी क्लोरहेक्सिडीनची चूळ देतो ती ०.१२ किंवा ०.२ टक्के असते, म्हणजे कितीतरी तीव्र. ती वासासाठी महिनोन्‌महिने वापरू नका. दात तपकिरी होतात, चव जाते आणि लोक ‘माउथवॉशने दात खराब झाले’ म्हणत येतात. दोन बाटल्यांवर एकच नाव दिसतं, म्हणून टक्केवारी वाचायची सवय लावा.

हे खरंच सिद्ध झालं आहे का?

प्रयोगशाळेतली पद्धत मोठी सुबक आहे. स्वयंसेवकाला सिस्टीनच्या द्रावणाने चूळ भरायला लावतात. जिवाणूंना मेजवानी मिळते आणि काही मिनिटांत तोंडातला हायड्रोजन सल्फाइड उसळी मारतो. मग जस्ताची चूळ, मग ठरावीक वेळाने पुन्हा सिस्टीन, आणि दर वेळी तोंडातली हवा यंत्रात. जस्तानंतर उसळी दबते हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. वायू पकडला जातो यात शंका नाही.

पण वायू काही तास दाबणं वेगळं आणि माणसाचा त्रास महिनोन्‌महिने कमी राहणं वेगळं. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये दुर्गंधीवरच्या उपायांचा आढावा घेतला, त्यात पुराव्याची खात्री कमी ते फार कमी अशी ठरली. बरेचसे अभ्यास लहान आणि थोड्या काळाचे आहेत. म्हणून ‘बारा तास ताजा श्वास’ असं वाचलं की मी तो आकडा चांगल्या दिवशीचा, चांगल्या तोंडातला समजतो. जिभेवर जाड थर आणि हिरड्यांत सूज असताना तेवढी अपेक्षा धरू नका.

वापरायची नीट पद्धत सांगा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी दात, मग दातांच्या फटी, मग जीभ, आणि जस्त सर्वांत शेवटी. जीभ घासताना पट्टी जमेल तितकी मागे ठेवून पुढे ओढायची, हलक्या हाताने, चार-पाच वेळा. दर वेळी पट्टी धुवायची. उमासे येत असतील तर श्वास सोडता सोडता ओढा, जरा सोपं जातं. रक्त येईपर्यंत खरवडायचं नाही. जीभ सोलली तर त्रासच होतो.

मग चूळ. इथे जवळजवळ सगळे चुकतात. दोन्ही गाल फुगवून दातांभोवती खळखळतात आणि थुंकून टाकतात, आणि वास जिथून येतो त्या जिभेच्या मुळाला थेंबही लागत नाही. मी खुर्चीतच करून दाखवतो : तोंडात चूळ घ्या, मान मागे टाका, जीभ पुढे काढा आणि ‘आऽऽ’ असा आवाज करत गुळण्या करा. तीस सेकंद दातांभोवती आणि तीस सेकंद घशाशी. त्यानंतर अर्धा तास पाणीसुद्धा नको.

वेळ रात्री झोपण्यापूर्वीची सर्वांत उपयोगी. झोपेत लाळ जवळजवळ आटते, तोंड कोरडं पडतं आणि जिवाणूंना सहा-सात तास मोकळं रान मिळतं. पहाटेचा वास तिथून येतो. तो सगळ्यांनाच येतो आणि दात घासून, काही खाऊन गेला तर तो आजार नाही.

आणखी एक. फ्लोराइडची पेस्ट वापरून लगेच चूळ भरली तर दातांवरचं फ्लोराइड धुऊन जातं. पेस्टमधला फेस आणणारा घटक क्लोरहेक्सिडीनचं कामही बिघडवतो. म्हणून दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. ते जमत नसेल तर चूळ दिवसातल्या दुसऱ्याच वेळी, जेवणानंतर भरा.

चूळ चुकून गिळली तर?

वर सांगितलेल्या ०.३ टक्के झिंक ॲसिटेटच्या १० मिलिलिटरमध्ये सुमारे ९ ते १० मिलिग्रॅम जस्त असतं. मोठ्या माणसाची रोजची गरजच ८ ते ११ मिलिग्रॅम आहे आणि वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम मानतात. एकदा गिळली गेली तर काही बिघडत नाही, फार तर मळमळेल. रोज गिळत राहणं मात्र वाईट. जस्त जास्त झालं की शरीर तांबं नीट शोषून घेत नाही. कवळी चिकटवायची जस्ताची क्रीम वर्षानुवर्षं प्रमाणाबाहेर वापरणाऱ्या काही रुग्णांमध्ये असं झालं, तांबं कमी पडून रक्तक्षय झाला आणि हातापायांच्या नसा दुखावल्या. कवळी सारखी निसटते म्हणून थर वाढवत नेऊ नका, ती नव्याने बसवून घ्या.

आणि जस्ताचं द्रावण नाकात कधीही घालायचं नाही. नाकात घालायच्या जस्ताच्या जेलने वास घेण्याची शक्ती गेल्याच्या तक्रारींवरून २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता. तोंडात वापरलेल्या जस्ताबद्दल ही भीती बाळगायचं कारण नाही.

लसूण-कांद्याचा वास जस्ताने जाईल का?

थोडासा, तोंडात राहिलेला. लसणाचा जो वास दुसऱ्या दिवसापर्यंत पिच्छा पुरवतो तो ॲलाइल मिथाइल सल्फाइडचा असतो. तो पोटातून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसांत येतो, म्हणजे श्वासातूनच. शिवाय त्याच्या गंधकाच्या दोन्ही बाजूंना कार्बन बसलेला असतो. सोडायला हायड्रोजन नाही, त्यामुळे जस्ताला पकडायला जागाच मिळत नाही. डायमिथाइल सल्फाइडचंही तसंच. गंधकाचा वायू म्हटला की जस्ताने गेलाच, असं नसतं ते या कारणामुळे.

मी महिनाभर जस्त वापरतोय, वास तसाच आहे.

मग वास जस्ताच्या आवाक्याबाहेरचा आहे असं समजून शोध सुरू करायचा.

पहिली जागा हिरड्या. दात आणि हिरडी यांच्यामधली फट ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल झाली की चूळ तिथे तळापर्यंत पोचत नाही, कितीही महाग असो. ती फट दंतवैद्याने आतून साफ करायला हवी. दातांच्या फटींतून दोरा फिरवा आणि लगेच हुंगा. मागच्या दाढांपाशी एका ठरावीक जागीच घाण वास येत असेल तर तिथे कीड, निसटती कॅप किंवा हिरडीचा खिसा असतो. या साध्या तपासणीने मला यंत्रापेक्षा जास्त वेळा उत्तर दिलं आहे.

दुसरी जागा टॉन्सिल. खोकताना पांढरे, तांदळाच्या कणीएवढे खडे पडतात का? बोटांत चिरडल्यावर भयंकर वास येतो का? तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. सायनसचा जुना त्रास असेल तरीही तिकडेच.

तिसरं, कोरडं तोंड. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या आणि इतर अनेक आजारांच्या गोळ्यांनी लाळ कमी होते. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. बिनसाखरेचं च्युइंगगम चघळून लाळ सुटते. त्यात जस्त असेल तर उत्तम, नसेल तरी फायदा आहेच.

वास फक्त गंधकाचा असतो असंही नाही. इंडोल, कॅडाव्हरीन, ब्युटिरिक आम्ल यांचेही वास तोंडात असतात आणि त्यांना जस्त फारसं हात लावत नाही. गंधक मोजणारं यंत्र अशा वेळी सगळं ठीक दाखवतं आणि समोर बसलेल्या डॉक्टरला वास येत असतो. म्हणून नाकाने तपासणं अजूनही टाकून देण्यासारखं नाही.

क्वचित उगम शरीरात खोल असतो. अनियंत्रित मधुमेहात श्वासाला गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो आणि सोबत तहान, उलट्या, ग्लानी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. मूत्रपिंड आणि यकृताच्या आजारांनाही आपापले वास असतात.

मला वास येतो असं वाटतं, पण घरचे म्हणतात येत नाही. मी कुणावर विश्वास ठेवू?

घरच्यांवर, असं लगेच म्हणून मोकळं होता येत नाही, कारण हा प्रश्न विचारणारी माणसं फार त्रासलेली असतात. समोरच्याने नाक खाजवलं, खिडकी उघडली, खुर्ची मागे सरकवली, की ते माझ्यामुळेच असं त्यांना वाटतं. नाकाला स्वतःचा वास कळत नाही हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ‘येत नाही’ या उत्तरावरही विश्वास बसत नाही. मी दिवसातून आठ-नऊ वेळा चूळ भरणारी, घास गिळायलाही संकोचणारी माणसं पाहिली आहेत. जस्ताने आणि अल्कोहोलने त्यांचं तोंड पोळलेलं असतं आणि वास मोजला तर काहीच नसतो.

असं खरोखर असतं आणि वैद्यकात त्याची नोंद आहे. वास नसताना तो आहे असं वाटणं आणि समजावल्यावर शांत होणं ही एक अवस्था. सगळं तपासून झाल्यावरही भीती न जाणं ही दुसरी, आणि तिच्यावर मनोविकारतज्ज्ञांकडे चांगले उपचार आहेत. अशा वेळी चुळांची संख्या वाढवून काही मिळत नाही.

मनगट चाटून दहा सेकंदांनी हुंगणं ही एक ढोबळ चाचणी आहे. त्यापेक्षा बरी म्हणजे विश्वासातल्या एका माणसाला तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी, एका हाताच्या अंतरावरून स्पष्ट सांगायला लावा. तिन्ही वेळा ‘नाही’ आलं तर ते उत्तर लिहून ठेवा. मनात शंका आली की तो कागद काढून वाचायचा. हे मी रुग्णांना सांगतो आणि काही जणांना त्याने झोप लागली आहे.

लहान मुलांना जस्ताची चूळ द्यावी का?

सहा वर्षांखालच्या मुलांना कोणतीच चूळ देऊ नका, ती गिळतात. त्यापुढेही आधी कारण शोधा. मुलांमध्ये तोंड उघडं टाकून झोपणं, वाढलेले ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी), किडलेली दुधाची दाढ ही नेहमीची कारणं. आणि मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर दंतवैद्याकडे न येता सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. बऱ्याचदा आत मणी, खोडरबराचा तुकडा किंवा स्पंज अडकलेला सापडतो. घरी चिमटा घालून काढायला जाऊ नका, तो आणखी आत सरकतो.